सिकलसेलचा उपचार, सिकलसेलच्या जनुकाला हात न लावता

सिकलसेलवरच्या एका जनुक-उपचाराला नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने मान्यता दिली. तेव्हापासून एक समज पक्का होत गेला आहे, की शास्त्रज्ञांनी क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राच्या कात्रीने सदोष जनुक कापले आणि दुरुस्त केले. प्रत्यक्षात ‘कॅसजेव्ही’ नावाच्या या उपचारात सिकलसेलला कारणीभूत असलेल्या जनुकाला स्पर्शही होत नाही. ते जनुक गुणसूत्र क्रमांक ११वर असते आणि कात्री चालते ती गुणसूत्र क्रमांक २वर. उपचारानंतरही सिकलसेलचे जनुक रुग्णाच्या पेशींत जसेच्या तसे राहते. तरीही चाचण्यांमध्ये पुरेसा काळ पाठपुरावा झालेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर असह्य वेदनांचा एकही मोठा झटका आला नाही. हे कसे घडते, याचे उत्तर बीसीएल-११ए या प्रथिनात आहे. ते एक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर आहे, म्हणजे डीएनएवरची ठरावीक अक्षरे ओळखून तिथे बसणारे आणि एखाद्या जनुकाचे वाचन वाढवणारे किंवा रोखणारे प्रथिन. माणसात अशी सुमारे १६०० प्रथिने आहेत. जनुकात काय लिहिले आहे याइतकेच ते कोणत्या पेशीत, कधी आणि किती वाचले जाते यालाही महत्त्व असते. हे लक्षात न घेतल्यामुळे जनुकांविषयीचे बरेच गैरसमज तयार होतात आणि बीसीएल-११एच्या आधारे ते एकेक करून तपासता येतात.

गैरसमज : जनुकात दोष असला की आजार ठरलेलाच

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येते. डीएनएतले एक अक्षर बदलल्याचा हा परिणाम आहे आणि तो बदल गर्भधारणेपासूनच असतो. पण बाळ सिकलसेल घेऊन जन्मले तरी पहिले काही महिने त्याला सहसा त्रास होत नाही. न्यूयॉर्कमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८मध्येच याकडे लक्ष वेधले होते. नवजात बाळाच्या रक्तातले गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन त्याला वाचवत असावे, असा त्यांचा तर्क होता आणि तो खरा ठरला. गर्भात बीटाऐवजी गॅमा साखळी तयार होते. जन्मानंतर गॅमाचे उत्पादन घटत जाते, बीटाचे वाढते आणि त्यासोबत आजार डोके वर काढतो. गॅमा साखळी असलेले हिमोग्लोबिन सदोष हिमोग्लोबिनच्या लांब तंतूंमध्ये सामील होत नाही. उलट ते तंतू तयार होण्यात अडथळा आणते, त्यामुळे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. सिकलसेल ओळखण्याच्या सोल्युबिलिटी चाचणीवर नवजात बाळाच्या बाबतीत विसंबता येत नाही तेही यामुळेच. सदोष हिमोग्लोबिन अजून इतके कमी असते, की चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. गडचिरोली, चंद्रपूर किंवा नंदुरबारमध्ये ‘बाळ जन्मतः ठणठणीत होते, मग हा आजार आला कुठून?’ असा प्रश्न आई-वडिलांना पडला, तर त्याचे उत्तर बाळाच्या खाण्यापिण्यात किंवा कुणाच्या हयगयीत शोधण्याचे कारण नाही. दोष पहिल्यापासून होता, फक्त ते जनुक जोमाने वाचले जायला सुरुवात नंतर झाली.

गैरसमज : ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणजे जनुक चालू करणारे बटण

गॅमाचे जनुक जन्मानंतर नष्ट होत नाही. ते प्रौढांच्या पेशींतही शाबूत असते, फक्त त्याचे वाचन दाबलेले असते. ते कोण दाबते, याचा माग निरोगी माणसांच्या रक्तातून लागला. काही प्रौढांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन इतरांपेक्षा थोडे जास्त का आढळते, हे शोधताना २००७ आणि २००८मध्ये इंग्लंड, सार्डिनिया आणि अमेरिका इथल्या संशोधकांच्या आकडेवारीतून बीसीएल-११ए हे नाव पुढे आले. ते अनपेक्षित होते, कारण तोवर या जनुकाची ओळख रक्ताच्या कर्करोगाशी आणि रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या बी-पेशींशी जोडलेली होती. बोस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटाने २००८मध्ये दाखवले, की माणसाच्या तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींत बीसीएल-११ए कमी केले की गॅमाचे उत्पादन वाढते. म्हणजे हा घटक जनुक चालू करत नाही, रोखतो. २०११मध्ये सिकलसेलग्रस्त उंदरांच्या तांबड्या पेशींमधून तो काढून टाकल्यावर त्यांच्यातली आजाराची लक्षणे मावळली. २०१८मध्ये तो नेमका कुठे बसतो हेही कळले. गॅमा जनुकाच्या आरंभापासून सुमारे ११५ अक्षरे अलीकडे असलेल्या सहा अक्षरांच्या एका छोट्या ओळीवर त्याची पकड असते. ज्यांच्यात नेमक्या याच ओळीत जन्मजात बदल असतो, त्यांच्यात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन आयुष्यभर भरपूर तयार होते, हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होते. त्या जुन्या निरीक्षणाचे कारण आता उलगडले.

बटणाची उपमा आणखी एका कारणाने फसते. बटण एक तर चालू असते नाहीतर बंद. बीसीएल-११एचे काम मात्र प्रमाणावर चालते. डीएनएतल्या ज्या फरकांमुळे ते प्रथम लक्षात आले, ते फरक त्याची पातळी जराशीच खाली आणतात, तरी हिमोग्लोबिनमध्ये बदल दिसतो. शिवाय ते एकटे काम करत नाही. डीएनएवर बसल्यावर ते इतर प्रथिनांचा संच तिथे ओढून आणते आणि तो संच जनुकाला वाचनासाठी बंद करतो. बीसीएल-११ए स्वतः किती तयार व्हायचे हेही केएलएफ-१ आणि गाटा-१ हे दोन ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर ठरवतात. माल्टामधल्या एका कुटुंबात केएलएफ-१ सदोष असल्यामुळे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढलेले २०१०मध्ये आढळले होते. नियंत्रण करणाऱ्यावरही नियंत्रण असते.

गैरसमज : अपाय करणारे जनुक काढून टाकले की प्रश्न मिटला

गॅमाला अडवणारा घटक सापडला, तर तो शरीरातून हद्दपारच का करू नये? कारण तोच घटक मेंदूच्या वाढीत आणि बी-पेशी घडण्यात गुंतलेला आहे. ज्या मुलांत या जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत नीट काम करते, त्यांच्यात बौद्धिक विकास मंदावतो, आणि त्याच मुलांच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मात्र वाढलेले असते. एकच कमतरता मेंदूसाठी हानिकारक आणि तांबड्या पेशींसाठी लाभदायक ठरते. म्हणून जनुकाला चांगले किंवा वाईट म्हणण्यात अर्थ नाही. वाट निघाली ती २०१३मध्ये. बीसीएल-११ए जनुकाच्या आतच, पण प्रथिन घडवण्यात भाग न घेणाऱ्या पट्ट्यात, डीएनएचा एक तुकडा सापडला. तो फक्त तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींत या जनुकाचे वाचन वाढवतो, मेंदूत किंवा बी-पेशींत त्याची गरज पडत नाही. कॅसजेव्हीतली कात्री याच तुकड्यात गाटा-१ जिथे बसतो ती जागा मोडते. प्रथिने घडवण्याचे काम डीएनएचा जेमतेम दीड-दोन टक्के भाग करतो. उरलेल्या सगळ्याला सरसकट अडगळ समजणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की हा संपूर्ण उपचार त्या कथित अडगळीतल्या एका पत्त्यावर उभा आहे.

यावर रास्त आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की मूळ अक्षरच का बदलू नये? त्या दिशेनेही संशोधन चालू आहे. पण एखादी जागा मोडणे हे नेमके अक्षर बदलण्यापेक्षा सोपे असते, आणि हा मार्ग बीटा-थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारालाही लागू पडतो, जिथे दोष एक नसून शेकडो प्रकारचे असतात. दुसरा आक्षेप असा, की गर्भासाठीचे हिमोग्लोबिन प्रौढाला चालेल का? ज्यांच्यात ते जन्मापासून भरपूर असते ती माणसे सर्वसाधारण निरोगी आयुष्य जगतात, हा त्याचा भक्कम पुरावा आहे. तिसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा सरासरीने जास्त असते, मग त्यांचा आजार सौम्यच नाही का? अनेकांच्या बाबतीत तो सौम्य असतो, पण विदर्भातल्या रुग्णांत तीव्र आजारही भरपूर नोंदवला गेला आहे. सरासरी आकडा चांगला असला तरी हे हिमोग्लोबिन सगळ्या पेशींत सारखे वाटलेले नसते. ज्या पेशीत ते नाही, तिला संरक्षण नाही. म्हणून ‘आपला सिकलसेल सौम्य’ असे गृहीत धरून उपचार लांबवणे धोक्याचे आहे.

या उपचाराच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. रुग्णाच्या रक्तातल्या मूळ पेशी बाहेर काढून त्यांच्यात बदल करतात आणि परत सोडण्यापूर्वी अस्थिमज्जा तीव्र केमोथेरपीने रिकामी करावी लागते. बदल फक्त रक्तपेशींत होतो, त्यामुळे पुढच्या पिढीला सिकलसेलचे जनुक जाऊ शकते आणि लग्नाआधीच्या तपासणीचे महत्त्व कायम राहते. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे, म्हणजे भारतातल्या बहुसंख्य रुग्णांसाठी हा मार्ग आज बंदच आहे. मग या ज्ञानाचा इथल्या रुग्णाला उपयोग काय? उपयोग आहे, कारण त्याला मिळणारी हायड्रॉक्सीयुरियाची स्वस्त गोळीही मुख्यतः गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवूनच काम करते. ती वेदनाशामक नाही. दुखत नाही म्हणून ती बंद केली, तर वाढलेले हिमोग्लोबिन पुन्हा उतरते आणि झटके परततात. गोळी जनुक बदलत नाही, मग ती रोज कशाला घ्यायची, हा प्रश्नही उपचार म्हणजे जनुकाची दुरुस्ती या गैरसमजातून येतो. कॅसजेव्हीदेखील सिकलसेलचे जनुक बदलत नाही. दोन्ही उपचारांचा फायदा मुख्यतः एकाच गोष्टीतून होतो : जन्मानंतर दाबले गेलेले एक निर्दोष जनुक पुन्हा वाचले जाते.