शंभर क्रमांकाच्या पाळीचा धनी

सातबाऱ्यावर 'सामाईक विहीर' अशी नोंद असली की दोन भावांत पाण्याच्या पाळ्या लागतात. जाफराबाद तालुक्यात अशी विहीर शोधायला फार लांब जावं लागत नाही. आज थोरल्यानं दारं धरायची, पुढच्या खेपेला धाकट्यानं. वाटणी सरळ दिसते, पण उन्हाळा चढतो तशी विहीर खाली जाते. समजा, पहिल्या पाळीला मोटर ८ तास चालली, दुसऱ्या पाळीला ७ तास, मग ६, असं करत आठव्या पाळीला जेमतेम १ तास. एकाआड एक पाळी लावली तर थोरल्याच्या वाट्याला ८, ६, ४ आणि २ असे २० तास येतात, धाकट्याच्या वाट्याला १६. चार तासांच्या पाण्यात गव्हाचे किती वाफे भिजतात, ते ज्याचे कोरडे राहिले त्याला विचारावं.

यावर एक तोड आहे. थोरला पहिला आला, त्याचा फायदा झाला. म्हणून पुढची जोडी उलटी लावायची. थोरला, धाकटा, धाकटा, थोरला. आता या चार पाळ्यांचा मिळूनही कुणाचा तरी फायदा होत असेल, म्हणून सगळी चौकडीच उलटी करून पुढे जोडायची: धाकटा, थोरला, थोरला, धाकटा. तास मोजा. थोरल्याला ८, ५, ३, २. बेरीज १८. धाकट्याला ७, ६, ४, १. बेरीज १८.

इथवर समाधान वाटतं. नवल पुढे आहे. याच आकड्यांचे वर्ग करा. ६४, २५, ९ आणि ४ मिळून १०२. ४९, ३६, १६ आणि १ मिळूनही १०२! वर्गांची बेरीज जुळावी अशी कुणी खटपट केली नव्हती, आपण फक्त उलटं करून जोडत गेलो. असंच आणखी एकदा उलटं करून १६ पाळ्या लावल्या तर घनांच्या बेरजाही जुळतात, ३२ लावल्या तर चौथे घात. फ्रेंच गणिती प्रूए यांनी हे १८५१ मध्येच मांडलं होतं.

हा क्रम पुढे पुन्हा पुन्हा सापडत राहिला. नॉर्वेच्या आक्सेल थूए यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिद्ध केलं की तो कितीही लांबवला तरी त्यातला कोणताही तुकडा सलग तीनदा येत नाही. अमेरिकेच्या मार्स्टन मोर्स यांना तो १९२१ मध्ये वक्र पृष्ठभागांच्या भूमितीत भेटला. बुद्धिबळाचे पुढचे जगज्जेते माक्स यूवे यांनी १९२९ मध्ये त्याच्या आधारे दाखवलं की सलग तीनदा तीच चालींची मालिका आली तर डाव बरोबरीत, एवढाच नियम ठेवला तर डाव कधीच न संपता चालू राहू शकतो. आज त्याला थूए-मोर्स क्रम म्हणतात.

मला मात्र या क्रमाची खरी ओढ लागली ती त्याच्या दुसऱ्या रूपामुळे. समजा, धान्याच्या दुकानात १, २, ४, ८, १६ किलो अशी दुपटीनं वाढणारी वजनं आहेत, प्रत्येक एकच. या वजनांनी कोणतीही पूर्ण संख्या तोलता येते आणि तीही एकाच प्रकारे. ५ म्हणजे ४ आणि १. ७ म्हणजे ४, २ आणि १. संगणकाची द्विमान पद्धत ती हीच: वजन ठेवलं तर १, नाही ठेवलं तर ०. आता पाळ्यांना शून्यापासून क्रमांक द्या आणि प्रत्येक क्रमांकाला किती वजनं लागली ते मोजा. सम लागली तर पाळी थोरल्याची, विषम लागली तर धाकट्याची. करून पाहा, वरचाच क्रम अक्षरशः तसाच समोर येतो.

म्हणजे पाळी ठरवायला मागच्या पाळ्या आठवाव्या लागत नाहीत. घराच्या उंबऱ्याशी एक मूल उभं करा. क्रमांकातले अंक त्याला एकेक करून वाचून दाखवा. १ ऐकला की त्यानं उंबरा ओलांडायचा, ० ऐकला की जागचं हलायचं नाही. सुरुवात घराच्या आतून. अंक संपल्यावर मूल आत असेल तर थोरला, बाहेर असेल तर धाकटा. किती अंक झाले, किती वेळा ओलांडलं, यातलं काहीही मुलाला लक्षात ठेवायचं नाही. आपण आत की बाहेर, एवढंच त्याला ठाऊक.

अशा यंत्राला गणितात ऑटोमॅटन म्हणतात. मोजक्या अवस्था, आणि पुढचा अंक वाचून एका अवस्थेतून दुसरीत जायचा ठरलेला नियम. असं यंत्र क्रमांकाचे अंक वाचून ज्या क्रमातलं प्रत्येक पद सांगू शकतं, तो ऑटोमॅटिक सिक्वेन्स, आपण स्वयंचलित क्रम म्हणू. ज्याँ-पॉल आलूश आणि जेफ्री शॅलिट यांचा या विषयावरचा जाडजूड ग्रंथ २००३ मध्ये आला. शॅलिट कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले. अशा क्रमांविषयीचे कितीतरी प्रश्न आता 'वॉलनट' नावाच्या संगणक-प्रणालीला विचारता येतात. ती यंत्रांवर यंत्रं रचते आणि 'खरं' किंवा 'खोटं' असा निकाल देते. थूए यांनी मनुष्यबुद्धीनं दिलेली सिद्धता ती क्षणात तपासते.

पण अंकांशी चाललेला हा खेळ गंभीर गणित आहे का? हा प्रश्न आपल्या मातीत एका माणसाला आयुष्यभर पुरला. नाशिकजवळच्या देवळालीतले शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. ६१७४ हा त्यांचा आकडा पुष्कळांना माहीत असतो. मला त्यांची 'स्वयंभू संख्या' अधिक प्रिय आहे. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ४७ मध्ये ४ आणि ७ मिळवले की ५८, त्यातून ७१, त्यातून ७९. अशी प्रत्येक संख्या पुढच्या संख्येला जन्म देते. मग काही संख्या अशा निघतात की त्यांना कुणीच जन्म दिलेला नाही: २०, ३१, ४२, ५३. देवळात आपण स्वयंभू मूर्ती म्हणतो, तशा या स्वयंभू. आणि १०१ ला दोन जनक: ९१ कडूनही ती येते, १०० कडूनही. कापरेकरांनी १९६३ मध्ये देवळालीहून यावर स्वतःच पुस्तिका छापली.

संख्या लिहायच्या पद्धतीवर असं काम बेतायचं, हे पुष्कळ गणितींना पटत नसे. १० हा पाया आपल्या बोटांमुळे आला, संख्येच्या स्वभावातून नव्हे. इंग्लंडचे गणिती हार्डी यांनी १९४० च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचं उदाहरण दिलं. पहिली २१७८ ची चौपट, दुसरी १०८९ ची नऊपट. दोन्ही आपल्याच उलट्या संख्येच्या पटीत. हे वर्तमानपत्रातल्या कोड्यांपुरतं ठीक, गणितीला यात काही नाही, असा त्यांचा निवाडा होता. त्या दोन संख्यांपुरता तो बरोबर असेलही. अंकांच्या साऱ्या प्रांताला तो लावायचा म्हटलं, तर मी हार्डींच्या बाजूला उभा राहणार नाही. कापरेकरांचं नाव मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये आपल्या गणितविषयक सदरातून जगभर नेलं, आणि त्यांच्या दोन जनकांच्या संख्यांवर आलेक्सेयेव आणि स्लोन यांनी २०२१ मध्ये स्वतंत्र शोधनिबंध लिहिला.

आता मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११... स्वतःखेरीज आणि १ खेरीज कुणी भागत नाही अशा. त्यांची ओळख गुणाकारावरून ठरते, अंकांशी त्यांचं नातं असायचं कारण नाही. पहिल्या दहा मूळ संख्या आपल्या वजनांनी तोलू. २, ७, ११, १३, १९ यांना विषम वजनं लागतात; ३, ५, १७, २३, २९ यांना सम. पाच-पाच! पण इतक्यात खूश व्हायला नको. पुढच्या पाच घ्या: ३१, ३७, ४१, ४७ विषम, एकटी ४३ सम. तराजू लगेच कलला. तो पुढे सावरतो का? अनंतापर्यंत गेलं तर मूळ संख्या दोन्ही भावांत अर्ध्या-अर्ध्या वाटल्या जातात का?

रशियाचे गेलफाँड यांनी १९६८ मध्ये या जातीचा प्रश्न मांडला आणि तो चाळीस वर्षं दाद देईना. अडचण कळण्यासारखी आहे. बेरजेत हातचा येतो, गुणाकारात तर हातच्यांची झुंबड उडते आणि दूरचे अंकही विस्कटतात. मग गुणाकारावरून ओळखल्या जाणाऱ्या संख्येच्या अंकांबद्दल काही सांगायचं कसं? क्रिस्तियाँ मोदुई आणि जोएल रिव्हा या दोन फ्रेंच गणितींनी २०१० मध्ये ते सिद्ध केलं. हातचे बहुतेक वेळा फार लांबवर पोचत नाहीत, हे त्यांनी नेमकं मोजलं आणि त्यावर इमारत उभी केली. वाटणी खरोखर निम्मी-निम्मी होते. उंबऱ्याशी उभ्या असलेल्या, काहीही लक्षात न ठेवणाऱ्या मुलाला मूळ संख्या ओळखता येत नाहीत, आणि मूळ संख्याही त्याच्या आत-बाहेरची दखल घेत नाहीत.

अशा यंत्रांच्या अभ्यासात दुसरीकडेही भिंत दिसली. २ चं वर्गमूळ, १.४१४२..., याचे दशांश कुठल्याही अशा मर्यादित यंत्राला सांगता येणार नाहीत. अवस्था दोन असोत की दोन कोटी. आदामचेव्स्की आणि ब्युजो यांनी ही सिद्धता २००७ मध्ये प्रसिद्ध केली. शेताच्या चौरस तुकड्याचा कर्ण मोजायला लागणारी ही साधी संख्या, आणि तिचे अंक दोन कोटी दारांच्या वाड्यातही मावत नाहीत!

विहीर आटेपर्यंत आठ पाळ्या होतील, सोळा होतील. पण भावांनी विचारलंच, की शून्यापासून मोजत शंभर क्रमांकाची पाळी कुणाची, तर वही लागत नाही. शंभर म्हणजे ६४, ३२ आणि ४. द्विमानात ११००१००. मुलाला वाचून दाखवा. एक: बाहेर. एक: आत. शून्य, शून्य: तिथेच. एक: बाहेर. शून्य, शून्य. मूल अंगणात उभं आहे. पाळी धाकट्याची.