मूल होत नाही, म्हणून बोट सुनेकडेच का?

मानोऱ्याच्या बाजारात भगिनी दबक्या आवाजात आम्हाला विचारतात, "भाऊ, ते टेस्ट ट्यूबचं काय असते?" मूल झाले नाही की घर सुनेला बोल लावते. नवऱ्याची तपासणी साधी असते, पण तो जातच नाही!

मुंबईच्या केईएम या पालिकेच्या रुग्णालयात १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. पुढे खाजगी दवाखाने फोफावले. संसदेने कायदा केला तो डिसेंबर २०२१ मध्ये. लोकसभेतील चर्चेत सुप्रिया सुळे यांनी एकट्या पुरुषांना वगळल्याचा मुद्दा मांडला.

आमच्या मते मोलाचे कलम वेगळेच आहे. स्त्रीबीज देणारी बाई २३ ते ३५ वयाची हवी. तिने आयुष्यात एकदाच बीज द्यावे, सातांहून अधिक बीजे काढू नयेत, शिवाय तिचा बारा महिन्यांचा विमा काढावा. गरिबीपायी या वाटेला लागणारी बाई आपल्याच वस्तीतली असू शकते. तेव्हा दवाखान्याची नोंदणी विचारा, संमतीचा कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.

पण रोजमजुराने उपचाराला पैसा आणावा कोठून? ही सोय जिल्ह्याजिल्ह्यांतील सरकारी दवाखान्यांत हवी, असे आपल्या खासदार-आमदारांना लेखी कळवा.