पाटीपूर्वीचे शिक्षण व गृहस्थांचे कर्तव्य

तीन वर्षांचे मूल अजून नीट जेवावयास शिकलेले नसते, बोबडे बोल पुरते सुटलेले नसतात, दुपारची झोप चुकली तर सायंकाळी ते घर डोक्यावर घेते. अशा मुलाच्या पाठीस दप्तर बांधून त्यास रेघांच्या वहीत इंग्रजी अक्षरे गिरवावयास बसविण्याची जी चढाओढ आमच्या शहरांतून लागली आहे, तिजकडे पाहिले म्हणजे आपण सुशिक्षित म्हणविणारे लोक शिक्षण या शब्दाचा अर्थ तरी काय समजतो, असा प्रश्न पडल्याखेरीज राहात नाही. प्रवेशासाठी आईबाप खेटे घालतात, ओळखी काढतात, प्रसंगी कर्ज काढून फी भरतात. आणि एवढ्या खटाटोपाचे फळ काय, तर चौथ्या वर्षी मूल ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत धडाधड म्हणून दाखविते, पण हातातले केळे सोलून घेण्यास आईकडे धावते! पाहुण्यांपुढे त्याची परीक्षा होते, सर्वांस कौतुक वाटते, आणि ह्याच मुलास सातव्या वर्षी पुस्तक पाहताच कंटाळा का येतो, ह्याचा विचार करण्यास कोणासही सवड नसते.

सहा वर्षांच्या आत मुलास पाटीवर बसविण्याची सक्ती कोणी केलेली नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. शिक्षणाच्या हक्काचा २००९ सालचा कायदा बोलतो तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांविषयी. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांपर्यंतचा काळ शिक्षणाचा एकच पाया मानून तो खेळ, कृती व गोष्टी ह्यांच्या द्वारे आणि होईल तेथवर घरच्या भाषेत घालवावा, असे स्पष्ट म्हटले आहे. सरकारची चूक लोकांनी दाखवावी हा नेहमीचा क्रम. येथे सरकार शहाणपणाचे बोलत आहे आणि लोकच ऐकेनात, असा उलटा प्रकार झाला आहे. मग ही तीन-चार वर्षे मुलाने करावे काय? आमचे उत्तर असे की, त्याने घरात शिकावे. आणि त्यास लागणारी साधने बहुतेक प्रत्येक घरात आधीपासूनच आहेत, फक्त ती फडताळाच्या वरच्या फळीवर, त्याच्या हातास लागणार नाहीत अशी ठेविली आहेत.

हा विचार नवा नव्हे. मोराव्हिया प्रांतातील कोमेनियस नावाच्या धर्मोपदेशकाने, स्वदेशातून परागंदा होऊन फिरत असता, सतराव्या शतकात असे प्रतिपादन केले की, पहिली सहा वर्षे आईची मांडी हीच मुलाची शाळा होय. त्याच गृहस्थाने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी चित्रांचे पुस्तक छापविले. त्यात भाकरी भाजणारा, शिंपी, सुतार, बाग, पाऊस, पशुपक्षी ह्यांची चित्रे असून चित्रातील प्रत्येक वस्तूस आकडा घातला आहे व त्या आकड्यापुढे तिचे नाव लॅटिन व जर्मन भाषांत दिले आहे. अक्षरांची ओळख करून देतानाही त्याने आरंभ केला तो कावळा कसा ओरडतो, कोकरू कसे बेंबाटते, येथून. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्याला हे समजले, त्याच्यापेक्षा आम्ही किती पुढे गेलो हे आमच्या बालवर्गांच्या वह्या सांगतील.

पुढे १९०७ साली रोम शहरातील सान लोरेंझो ह्या मजुरांच्या वस्तीत डॉक्टर मारिया माँटेसरी ह्या विदुषीने मुलांसाठी एक जागा उघडली. तिला तिने शाळा हे नाव न देता ‘मुलांचे घर’ असे म्हटले. ह्या बाई १९३९ साली हिंदुस्थानात आल्या, महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या, आणि मद्रासेजवळ अड्यार येथे त्यांनी शेकडो शिक्षक तयार केले. त्यामुळे त्यांचे नाव आज गल्लोगल्ली पाट्यांवर झळकते. पण त्यांच्या त्या घरात लहान मुले करीत तरी काय होती? एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी न सांडता ओतणे, गुंड्या लावणे, हात स्वच्छ धुणे, केर काढणे, मेज पुसणे! म्हणजे जी कामे आपण आपल्या मुलास घरी करू देत नाही, ‘सांडशील, फोडशील, मळशील’ म्हणून ज्यांपासून त्यास हाकलून देतो, तीच कामे शिकविण्याबद्दल आपण दुसऱ्यास वर्षाची जबर फी मोजतो. व्यापारी मंडळींनी ह्या व्यवहाराचा ताळेबंद एकदा मांडून पाहावा.

लेखणी धरावयाची ती तीन बोटांनी, आणि ती बोटे लेखणी धरूनच तयार होतात हा मोठा भ्रम आहे. शेंगा सोलणे, मटार निवडणे, कणकेच्या गोळ्याची चिमुकली चानकी लाटणे, चिमटीने रांगोळी सोडणे, दोऱ्यात फुले ओवणे, ह्यांनी बोटांत जे बळ व जो नेमकेपणा येतो, तो आला म्हणजे अक्षर वळणदार होण्यास वेळ लागत नाही. तो येण्यापूर्वी लिहावयास लाविले, तर मूल लेखणी मुठीत आवळते, मनगट ताठ करते, आणि लिहिणे म्हणजे दुखणे एवढाच बोध घेते. एका ताटलीत तूर, हरभरा व मूग मिसळून द्यावे आणि तीन वाट्या जवळ ठेवाव्या. मूल अर्धा तास जागचे हलणार नाही. निरनिराळे पाहणे, सारखे ओळखणे, वर्ग पाडणे, ही जी सर्व शास्त्रांची पहिली पायरी, ती येथे बसल्या बसल्या चढून होते. मात्र डाळ नाकाकानात घालण्याचे वय सरलेले असावे व मोठे माणूस शेजारी असावे.

दुकानदारांच्या घरी तर गणिताची शाळा रात्रंदिवस भरलेली असते. पूर्वी आमच्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी मुखोद्गत असत व त्यांच्या जोरावर वाणी कागदाशिवाय हिशेब करी. ते पाठांतर गेले ह्याबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस वाटते, पाव म्हणजे काय हे हातास कळल्यावाचून पावकी म्हणणारा मुलगा पोपटच. कित्येक जुन्या घरांतून अद्याप शेर, मापटे, चिपटे ही मापे अडगळीत पडलेली असतात. १९६० च्या सुमारास मेट्रिक मापे सर्वत्र रूढ झाल्यापासून त्यांचा व्यवहारातील उपयोग संपला. पण दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, हे चार वर्षांच्या मुलाने परातीत तांदूळ घेऊन स्वतः ओतून पाहिले, म्हणजे अर्धा आणि पाव त्यास जन्मात कोणी शिकवावयास नको. जुनी मापे नसतील तर लहानमोठ्या वाट्या व पेले आहेत. तराजूच्या एका पारड्यात लिंबू व दुसऱ्यात चिंचोके घालून किती चिंचोक्यांनी काटा मध्यावर येतो, हे पाहावयास कोणत्या मुलास आवडणार नाही? ह्या खेळात मुलीस भातुकली व मुलास तराजू अशी वाटणी करणाऱ्या आजीबाईंस मात्र विनयपूर्वक थांबवावे. कणीक मळल्याने मुलग्याचे काही जात नाही, आणि वजन करावयास शिकलेली मुलगी पुढे फसविली जात नाही.

आता पुस्तकाविषयी. चित्रांचे पुस्तक म्हणजे अक्षरांच्या तक्त्याला रंग लावलेला नव्हे, ‘अ’ अननसाचा छापून बाजारात जे विकले जाते ते नव्हे. त्यात गोष्ट असावी आणि गोष्टीचा अर्धा भाग शब्दांनी न सांगता चित्राने सांगितलेला असावा. खाटेखाली लपलेल्या मांजराचा उल्लेख मजकुरात नसतो. ते मुलास दिसते, आपणांस दिसत नाही, आणि ‘हे बघ’ म्हणून जेव्हा ते आपले बोट धरून तेथे नेते, तेव्हा शिक्षक कोण व विद्यार्थी कोण हेच उलटून जाते. चित्र दाखवीत गोष्ट सांगण्याची रीत आमच्या देशास परकी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतील एकेक चित्र पुढे धरून कथा गाऊन सांगत आले आहेत, व ती पाहावयास लहानथोर सारखेच बसत. मग ते सुख घरातल्या चार वर्षांच्या श्रोत्यास का नसावे?

वाचण्याची रीत सोपी आहे, पण तीच बहुधा चुकते. मूल मांडीवर घ्यावे; पाने त्यालाच उलटू द्यावी; ओळीखालून सहज बोट फिरवावे; आणि मध्येच ‘हा रंग कोणता, हे किती’ असा उलटतपास करू नये, कारण गोष्ट ऐकता ऐकता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावयास कोणासच आवडत नाही. ते थांबेल तेथे थांबावे. तेच पुस्तक पन्नास वेळा मागेल, पन्नास वेळा द्यावे. एके दिवशी कंटाळून आपण एक ओळ गाळतो आणि मूल तात्काळ ‘चुकले’ म्हणते. त्या क्षणी त्यास कळून चुकलेले असते की, कागदावरचे शब्द ठरलेले आहेत, कोणीही वाचले तरी तेच निघावयाचे. वाचनाचे सर्वात मोठे गूढ ते हेच, आणि ते एकही अक्षर न गिरवता उकलले. मग पुस्तकात बी रुजल्याची गोष्ट आली, तर मूठभर मेथी कुंडीत टाकावी, आठवडा उलटण्यापूर्वी हिरवे कोंब त्याच्या डोळ्यांपुढे असतात. बाजाराची गोष्ट आली, तर पिशवी देऊन त्यास मंडईत न्यावे.

मराठीत अशी पुस्तके कोठे आहेत, असे विचारणाऱ्यांनी बहुधा शोध केलेला नसतो. श्रीमती माधुरी पुरंदरे ह्यांनी स्वतः लिहून व चित्रे काढून जी पुस्तके केली आहेत, त्यांतील ‘राधाचं घर’ ही मालिका एका लहान मुलीच्या घरातील माणसांविषयीच आहे, आणि ती मराठी घरातल्या मुलास आपल्याच घराची वाटते. नॅशनल बुक ट्रस्टची व प्रथम बुक्सची मराठी पुस्तके पेढ्यांच्या पुड्याहूनही स्वस्त मिळतात. घरची भाषा मारवाडी, गुजराती वा कानडी असेल, तर आधी त्या भाषेतील घ्यावी. इंग्रजी पुढे येतच आहे, ती कोठे पळून जात नाही.

हल्ली ह्या सर्वांच्या जागी मुलाच्या हाती दूरध्वनीचे यंत्र देण्याचा प्रघात पडला आहे, आणि त्यात चित्रेही आहेत व गाणीही आहेत, असे समर्थन केले जाते. भेद इतकाच की, पुस्तकातील चित्र मुलासाठी थांबते, आणि यंत्रातील चित्र कोणासाठी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेला सल्ला असा की, वर्षाच्या आतील मुलास पडदा मुळीच दाखवू नये, व दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसास एक तासाहून अधिक नको, त्याहून कमी तितके बरे.

कोणी म्हणतील, हे सर्व करावयास वेळ कोणास आहे? स्त्रिया आधीच घरकाम व नोकरी ह्यांच्या ओझ्याने वाकल्या आहेत. त्यांच्या माथी आणखी एक शाळा का मारता? हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच आम्ही ह्या लेखाच्या मथळ्यात गृहस्थांचे नाव घातले आहे. भावनगरचे गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची काळजी पडली तेव्हा त्यांनी माँटेसरीबाईंचे ग्रंथ वाचिले, पुढे वकिली सोडली, आणि १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. सर्वांनी धंदा सोडावा असे आम्ही म्हणत नाही. दुकानाची फळी लागल्यावर अर्धा तास पुस्तक वाचावे व रविवारी शेंगा सोलावयास मुलाबरोबर बसावे, एवढेच म्हणतो. ह्यास जो वेळ नाही म्हणतो, त्याची सायंकाळ कोणत्या कट्ट्यावर जाते हे आम्ही विचारीत नाही.

दुसऱ्या टोकाचेही काही उत्साही पालक आहेत. ते घरातच वेळापत्रक टांगतात, घंटा वाजवितात, भिंती तक्त्यांनी भरतात, आणि स्वतः मास्तर होऊन बसतात. शाळेतून सोडविलेल्या मुलास घरी पुन्हा शाळेतच कोंडण्याचा हा प्रकार होय. शिवाय एकट्या मुलाने घरात कितीही शिकले, तरी भांडणे, वाटून घेणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हे दुसऱ्या मुलांवाचून येत नाही. ह्यासाठी एका वाड्यातील किंवा एका इमारतीतील चार-पाच घरांनी मिळून आज ह्यांच्या ओटीवर, उद्या त्यांच्या, अशी मुले जमवावी.

आणि ज्यांचे आईबाप सकाळी कामावर जातात ते दिवेलागणीस परततात, त्या मुलांस घरी शिकविणार कोण? माँटेसरीबाईंनी आरंभ केला तो अशाच मुलांपासून, आणि आमच्या ताराबाई मोडकांनीही भावनगरचा अनुभव घेऊन शेवटी तोच मार्ग धरला. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. तेथून व पुढे कोसबाडच्या टेकडीवरून त्या व अनुताई वाघ ह्यांनी दाखवून दिले की, परदेशी महागडी साधने नसली तरी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे एवढ्यांवर बालवाडी उत्तम चालते, आणि मुले बालवाडीकडे येत नसतील तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जावे. अंगणवाडी हा शब्द तेथला. १९७५ पासून सरकारी योजनेने तो देशभर नेला. पण पुष्कळ अंगणवाड्यांतून खिचडी शिजते आणि गोष्टीचे पुस्तक शोधूनही सापडत नाही.

व्यापारी मंडळी दर दिवाळीस आपल्या गिऱ्हाइकांस दिनदर्शिका व मिठाईचे डबे वाटतात. त्यांपैकी काही रक्कम काढून प्रत्येक पेठेच्या व्यापारी मंडळाने आपल्या हद्दीतील एकेका अंगणवाडीस मराठी चित्रपुस्तकांचा वीस-पंचवीसांचा संच द्यावा, अशी आमची सूचना आहे. पुस्तके कुलपात राहू नयेत म्हणून ती मुलांच्या उंचीस दोरी बांधून तिजवर टांगावी; फाटली तर खळीने चिकटवावी, आणि चिकटविण्याचे कामही मुलांकडूनच करून घ्यावे. दुकानाचे नाव छापावयाचेच असेल, तर ते मलपृष्ठावर लहान अक्षरात असावे, चित्रावर नको.