वायपर बंद पडला, म्हणजे मोटरच गेली?

पहिल्या पावसात वायपरची दांडी फिरवावी आणि काचेवर काहीच हलू नये, की शेजारी बसलेला हमखास सांगतो, "मोटर गेली!" गॅरेजमध्येही पुष्कळदा हेच निदान होतं, कारण त्यात डोकं कमी चालवावं लागतं आणि बिल बरं होतं. मोटर जातेही कधीकधी. पण तिच्यावर संशय घ्यायचा तो सगळ्यांत शेवटी.

इंजिन बंद ठेवून किल्ली फक्त 'ऑन'वर आणा, एसीचा पंखा आणि रेडिओ बंद करा, वायपर लावा आणि कान द्या. घरघर ऐकू येते, पण काचेवर हालचाल नाही? मग मोटर चालते आहे. तिचं गोल फिरणं वायपरपर्यंत पोचवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे लिंकेज, कुठेतरी निसटल्या असणार. त्यांच्या सांध्यांत प्लॅस्टिकचे बुश असतात. ते झिजले की सांधा सुटतो. एकच वायपर थांबलाय आणि दुसरा चालतोय, तर आधी त्याच्या बुडाशी टोपीखाली असलेला नट बघा. तो ढिला असेल, तर वायपर खाली विसावलेल्या जागी असताना दांडा नीट बसवून आवळला की काम झालं. ढिल्या नटावर बरेच दिवस गाडी हाकली असेल तर आतले दाते घासून जातात, मग दांडा बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

आवाजच नसेल तर फ्यूज पाहायचा. त्याची जागा फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. आणि इथेच सगळ्यांत घातक गैरसमज भेटतो: "सारखा उडतोय ना, मग मोठा टाका." १५ अँपिअरच्या जागी ३० चा फ्यूज, किंवा त्याहून वाईट म्हणजे सिगारेटच्या पाकिटातली चांदी. फ्यूज मोटरला वाचवतो अशी समजूत आहे. खरं तर तो मुख्यतः वायरिंगला वाचवतो. मोठा फ्यूज टाकला की तो उडत नाही, त्याच्याऐवजी वायर तापते, तिच्यावरचं आवरण वितळतं आणि डॅशबोर्डमागे आग लागू शकते. फ्यूज उडतो तो काहीतरी जाम झालंय, मोटरमध्ये पाणी गेलंय किंवा वायर सोलवटलीय म्हणून. तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज एकदा टाकून पाहावा. तोही उडाला तर गाडी वायरमनकडे न्यावी.

"वायपर मंद झाला, बॅटरी उतरलीय" हेही असंच. बॅटरी इतकी उतरली असती तर गाडी सुरू व्हायलाच कुरकुरली असती. मंदपणाचं नेहमीचं कारण म्हणजे दांडे ज्या खुंट्यांवर फिरतात त्या गंजून जड झालेल्या असतात, नाहीतर मोटरची अर्थिंग खराब असते. लिंकेज मोटरपासून सोडवून हाताने हलवली की कुठे अडतंय ते कळतं. तेवढ्यापुरती किल्ली काढून खिशात ठेवा. लिंकेजमध्ये बोट असताना कुणी वायपर लावला तर बोट चेंगरतं.

बाकी लक्षणं पटकन सांगता येतात. थांबून-थांबून चालणारी गती तेवढी बंद असेल तर रिले किंवा स्विच. सावकाश चालतो पण जोरात नाही, तर स्विच किंवा मोटरमधला वेगळा ब्रश, कारण सहसा दोन गतींसाठी दोन ब्रश असतात. बंद केल्यावर वायपर काचेच्या मध्येच थांबतो, तर विसाव्याच्या जागेचा स्विच. तो बहुधा मोटरच्या डब्यातच असतो. मोटरच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येतायत, अर्थिंग ठीक आहे आणि तरी ती फिरत नाही, तर आता खुशाल म्हणा, मोटर गेली. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकल्यावर ती क्षणभर चालली, तर ब्रश झिजलेत.

मोटर खरोखर मरते ती बऱ्याचदा पाण्याने. गुलमोहराखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या काचेखालच्या जाळीत पानं साचतात, पाण्याची वाट बुजते आणि तुंबलेलं पाणी मोटरपर्यंत पोचतं. मे महिन्यात ती जाळी साफ करायला दहा मिनिटं पुरतात, पण हे काम कुणाला सांगितलं की जो तो आकाशाकडे बघतो.

राहता राहिला घाटातला रामबाण उपाय: काचेवर तंबाखू किंवा चिरलेला बटाटा चोळणे. हा अगदीच खोटा नाही. काचेवर पातळ थर बसतो आणि पाणी थेंबाथेंबाने न थांबता पसरून ओघळतं, त्यामुळे थोडं दिसतं. पण जोराच्या सरीत हा थर धुऊन जातो आणि समोरच्या ट्रकने उडवलेल्या चिखलापुढे त्याचं काही चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०१ कार्यक्षम, यंत्रावर चालणारा वायपर मागतो. बटाट्याची सोय त्यात नाही.

घाटात वायपर थांबलाच तर वेग कमी करा, वळण टाळून रुंद जागी गाडी डावीकडे घ्या आणि थांबल्यावरच चारही इंडिकेटर लावा. चालत्या गाडीत ते लावले, तर तुम्ही कुठल्या बाजूला वळणार हे मागच्याला कळत नाही.