फिरत्या बिऱ्हाडातला गारवा

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. अलीकडे माणसाचेही बिऱ्हाड चाकांवर चढू लागले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि निजण्याची, स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीचे नाव आपल्याकडेही कानांवर पडू लागले. अशी गाडी घेऊन सुट्टीत अजिंठ्याला, पालला किंवा तोरणमाळला जावे, असा बेत जळगाव-धुळ्याकडच्या माणसाने आखला, तर त्याला पहिली धास्ती वाटते ती उन्हाची. त्यावर तोडगा म्हणून चाकांवर सरकणारे पोर्टेबल एसी दुकानात उभे असतेच. ते उचलून गाडीत ठेवले की काम झाले, अशी समजूत सर्रास आढळते. ती कितपत खरी, याचा विचार आपण येथे करू.

खानदेशातले जुने धाब्याचे घर आठवा. जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचेच धाबे. दुपारचे ऊन त्या मातीतून आत उतरेपर्यंत संध्याकाळ होते. कॅरॅव्हॅन म्हणजे याच्या अगदी उलट वस्तू. पातळ पत्रा, मधे बोट-दोन बोटे जाडीचा थर्माकोलसारखा थर, आणि मोठाल्या खिडक्या. बाहेर त्रेचाळीस अंश असताना उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टपाचा पत्रा हात लावू देत नाही. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, यंत्राचा विचार करण्याआधी झाडाचा विचार करावा. कडुनिंबाखाली लावलेल्या गाडीचे काम लहान यंत्रावर भागते. काचांवर बाहेरून पडदा टाकल्यानेही मोठा फरक पडतो. आतला पडदा मात्र उष्णता आत शिरल्यावर ती अडवू पाहतो.

आता यंत्राकडे वळू. एसी थंडी निर्माण करते, असे आपण बोलतो. पण थंडी नावाची काही वस्तू नाही. यंत्र आतली उष्णता उचलते आणि बाहेर नेऊन टाकते, इतकेच. एक टनाचे यंत्र म्हणजे काय, तर एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषील, तेवढी शोषणारे यंत्र. हा टन अमेरिकी, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा. ही नुसती पुस्तकी उपमा नव्हे. १९३४ साली मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्रंटियर मेलच्या डब्यात बर्फाच्या लाद्यांवरून हवा खेळवूनच गारवा केला जात असे.

विजेच्या मापात हा एक टन साडेतीन किलोवॉट होतो. यंत्र स्वतः सुमारे सव्वा किलोवॉट वीज खाते, तिचीही उष्णताच होते. म्हणजे पावणेपाच किलोवॉट उष्णता गाडीबाहेर गेली पाहिजे. ती नेण्यासाठी यंत्रामागे हातभर रुंद नव्हे, पण चांगला वीतभर तोंडाचा नळ असतो. तो नळ बाहेर न काढता यंत्र चालू केले, तर तोंडावर गार झुळूक येईल खरी, पण गाडी एकंदरीने तापतच जाईल. फ्रीजचे दार उघडे ठेवून स्वयंपाकघर थंड होत नाही, तसेच हे.

नळ बाहेर काढला तरी एक मेख उरतेच, आणि ती विकणारा सहसा सांगत नाही. एकच नळ असलेले यंत्र गाडीतली हवा ओढून बाहेर फेकते. तासाला साडेतीनशे घनमीटर हवा ते फेकते असे धरू. पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि माणूस उभा राहील इतक्या उंच गाडीत हवा असते अवघी एकोणीस घनमीटर. म्हणजे तीन-सव्वातीन मिनिटांत सगळी हवा बदलते, आणि तिच्या जागी फटींतून येते ती बाहेरची, त्रेचाळीस अंशांची. ती अठ्ठावीस अंशांवर आणण्यातच यंत्राची जवळजवळ निम्मी शक्ती खर्ची पडते. एकीकडून रांजण भरायचा आणि दुसरीकडे त्याला भोक ठेवायचे, असा हा प्रकार आहे. यास्तव दोन नळांचे यंत्र मिळाले तर थोडे महाग पडले तरी तेच घ्यावे. ते बाहेरचीच हवा घेऊन, तिला उष्णता देऊन, पुन्हा बाहेर सोडते.

बसवण्याचे काम सुताराचे आहे. खिडकीच्या मापाची प्लायवूडची फळी कापावी, तिला नळाच्या मापाचे भोक पाडावे आणि कडेने स्पंजाची पट्टी चिकटवून फळी घट्ट बसवावी. नळ आखूड आणि सरळ ठेवावा. तो स्वतः तापतो, म्हणून त्यावर जाड कापड गुंडाळावे. प्रवासात यंत्र उभेच ठेवून पट्ट्याने आवळावे. ते आडवे पडले, तर कॉम्प्रेसरचे तेल नळ्यांत उतरते. मग उभे करून काही तास थांबल्याशिवाय चालू करू नये.

विजेचा हिशेब याहून कडक आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीवर सव्वा किलोवॉट म्हणजे शंभराहून अधिक अँपियर. घरच्या इन्व्हर्टरची दीडशे अँपियर-तासांची बॅटरी यावर एक तास चालली तरी पुष्कळ. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकांना चालकाची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले आहे. धुळ्यावरून आग्र्याकडे जाणाऱ्या चालकांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट. पण इंजिनावर चालणारे ते यंत्र इंजिन बंद होताच थांबते. उभ्या गाडीचा प्रश्न वेगळाच.

मग खानदेशच्या माणसाने आपला कूलर का विसरावा? एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढते. ताशी सव्वापाच लिटर पाणी उडाले, तर हिशेबाने एक टनाचे काम झाले, आणि वीज लागली पंख्यापुरती. आपल्या मे महिन्यातली हवा कोरडी. त्रेचाळीस अंश उष्ण आणि पंधरा टक्के आर्द्रता असेल, तर ओला वाळा हवेला सत्तावीस अंशांपर्यंत उतरवू शकतो. याला मात्र खिडकी उघडी हवी. एसीला बंद हवी. दोन्ही एकदम लावणारे महाभाग असतात! कूलरने हवेत घातलेले पाणीच मग एसी काढत बसते. जूनमध्ये पाऊस पडला की कूलरचे राज्य संपते, कारण ओल्या हवेत पाणी वाळत नाही. त्याआधीच्या दिवसांसाठी आमचे मत कूलरच्याच बाजूने आहे. पाण्याची टंचाई असलेल्या मुक्कामी तेवढे दोन कॅन अधिक बाळगावे लागतील.

एसीच हवे असे ठरले, तर वीज धाब्यावरून किंवा विश्रामगृहातून, मालकाशी ठरवून, जाड तारेने आणि अर्थिंगसह घ्यावी. जनरेटर लावून, खिडक्या मिटून झोपणे हे सर्वांत घातक. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसे मृत सापडली. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही; झोपलेल्या माणसाला तो जागे करीत नाही. त्यातून एका नळाचे एसी आतली हवा बाहेर फेकून प्रत्येक फटीतून बाहेरची हवा आत ओढत असते, आणि गाडीखाली किंवा गाडीला खेटून जनरेटर चालू असेल, तर त्या हवेबरोबर धूरही येतो. जनरेटर गाडीपासून चांगला दूर, वारा ज्या दिशेला जातो त्या बाजूला ठेवावा, आणि निजण्यापूर्वी बंद करावा. या वायूची सूचना देणारे, बॅटरीवर चालणारे लहान उपकरण मिळते. ते उशाजवळ लावावे आणि निघण्यापूर्वी त्याचे बटण दाबून ते वाजते की नाही हे पाहावे.