सैनिकी सेवाभिलेख-दुरुस्ती

सेवामुक्त सैनिकाच्या अधिकृत सेवाभिलेखात नोंदवावयाची राहून गेलेली पदके, बिल्ले, मोहीमतारे व पथकसन्मान पुराव्यानिशी समाविष्ट करून घेण्याची प्रक्रिया. खडी सेना बाळगणाऱ्या बहुतेक देशांत ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आढळते. तथापि कायद्याने बांधलेले व तपशीलवार असे तिचे रूप अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडले असल्याने प्रस्तुत नोंदीत मुख्यतः तेथील पद्धतीचे विवेचन केले आहे.

अमेरिकन सैनिकास सेवामुक्तीच्या वेळी त्याच्या सेवेचा गोषवारा असलेला दाखला देण्यात येतो. १९५० पासून वापरात आलेला हा नमुना ‘डीडी २१४’ या क्रमांकाने ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या भूसैनिकांजवळ त्यापूर्वीचा वेगळा नमुना असतो. भरतीची व मुक्तीची तारीख, हुद्दा, परदेशातील सेवा, सेवेचा दर्जा इत्यादी बाबींबरोबर मिळालेल्या सन्मानांची यादीही त्यात असते. १९७९ नंतरच्या नमुन्यात ती १३ व्या रकान्यात येते. या यादीस केवळ शोभेचे महत्त्व आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. तो बरोबर नाही. शत्रूच्या कारवाईत जखमी झाल्याबद्दल मिळणारे ‘पर्पल हार्ट’ किंवा प्रत्यक्ष लढाईत भाग घेतलेल्या पायदळ सैनिकाचा ‘कॉम्बॅट इन्फंट्रीमन बॅज’ हा तो सैनिक रणभूमीवर लढला होता याचा पुरावा मानला जातो. लढाईत भाग घेतल्याचे सिद्ध झाल्यास, दुखापतीची सरकारी नोंद सापडत नसली तरी त्या दुखापतीविषयी सैनिकाचे स्वतःचे विश्वसनीय निवेदन ग्राह्य धरावे, अशी तरतूद तेथील माजी सैनिकविषयक कायद्यात आहे. म्हणजे रकान्यातील एका ओळीवर अपंगत्वाचे निवृत्तिवेतन अवलंबून राहू शकते. पर्पल हार्ट मिळालेल्यांस माजी सैनिकांच्या रुग्णालयांत अग्रक्रम मिळतो, अर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळण्याच्या पात्रतेतही ते मोजले जाते, आणि सरकारी खर्चाने उभारलेल्या समाधिशिलेवर जो सन्मान कोरावयाचा तोही आधी अभिलेखात असावा लागतो.

सन्मान नोंदीतून का सुटतात, याची कारणे अनेक आहेत. लेखनिकाचा निष्काळजीपणा हे त्यांपैकी सर्वांत उघड कारण होय. दुसरे महायुद्ध संपल्यावर थोड्या महिन्यांत लक्षावधी माणसांना घरी धाडावयाचे होते. मुक्तिकेंद्रांवर रांगा लागलेल्या असत आणि घराची ओढ लागलेला सैनिक कागद न वाचताच सही करून बाहेर पडे. जखमी होऊन एका रुग्णालयातून दुसऱ्यात गेलेल्या किंवा शत्रूच्या कैदेत पडलेल्या सैनिकाचे कागद त्याच्या पलटणीबरोबर पुढे जात आणि तो मागे राही. यातून एक विपरीत गोष्ट घडली : पिछाडीच्या कचेरीत काम केलेल्यांच्या नोंदी बहुधा पूर्ण असतात, तर आघाडीवर अधिक सोसलेल्यांच्या नोंदींतच खिंडारे आढळतात.

याहून वेगळे कारण म्हणजे पूर्वलक्षी प्रभावाने निर्माण झालेले सन्मान. दुसऱ्या महायुद्धाचे विजयपदक काँग्रेसच्या जुलै १९४५ मधील कायद्याने निर्माण झाले. त्याआधी मुक्त झालेल्यांच्या दाखल्यावर ते असणे शक्यच नव्हते. १९४७ मध्ये युद्ध खात्याने असे ठरविले, की महायुद्धकाळात कॉम्बॅट इन्फंट्रीमन बॅज अथवा कॉम्बॅट मेडिकल बॅज मिळविलेला प्रत्येक सैनिक ‘ब्राँझ स्टार’ पदकास पात्र आहे. तोपर्यंत बहुतेक सैनिक आपापल्या शेतीत वा कारखान्यात रुजू झालेले होते. निर्णय त्यांच्या कानावर गेलाच नाही आणि पदक मागितल्यावाचून मिळत नव्हते. युद्धकैद्यांसाठीचे पदक १९८५ च्या कायद्याने निर्माण झाले, मात्र ते ५ एप्रिल १९१७ नंतरच्या सर्व युद्धकैद्यांना लागू करण्यात आले. व्हिएटनाम युद्धाबाबतही असेच घडले. दक्षिण व्हिएटनामच्या सरकारने दिलेला शौर्यक्रूसाचा पथकसन्मान अमेरिकन भूसेनेच्या १९७४ मधील एका सर्वसाधारण आदेशाने तेथील अमेरिकन सेनापतित्वाखाली काम केलेल्या पथकांना सरसकट लागू झाला. त्यापूर्वी परतलेल्यांच्या दाखल्यात तो साहजिकच नाही.

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे, कारण बहुतेक निराशा त्याच्या अज्ञानातून उद्‌भवतात. सन्मान मिळालेला किंवा नियमाने देय झालेला असून केवळ नोंद राहिली असेल, तर ती उणीव प्रशासकीय दुरुस्तीने भरून निघते. मोहीमपदके, पथकसन्मान व वर उल्लेखिलेला ब्राँझ स्टार या वर्गात मोडतात. परंतु शौर्य गाजविले असूनही त्या वेळी वरिष्ठाने शिफारसच केली नसेल, तर ‘नोंद राहिली’ असे म्हणता येत नाही. तो नव्या सन्मानाचा प्रस्ताव ठरतो व त्याचा मार्ग सर्वस्वी निराळा असतो. सोबत्यांना ठाऊक असलेला पराक्रम आणि आदेशात उतरलेला पराक्रम यांत कायदा असा फरक करतो. तो कठोर वाटला, तरी पदकांचे मोल टिकविण्यासाठी त्याची गरज नाकारता येणार नाही.

पहिल्या वर्गातील अर्जाची सुरुवात मिसूरी राज्यातील सेंट लुइस येथील राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्रापासून होते. ‘स्टँडर्ड फॉर्म १८०’ या नमुन्यात सैनिकाने, किंवा तो हयात नसल्यास त्याच्या निकटच्या वारसाने, मागणी करावयाची असते. केंद्र अभिलेख तपासते आणि सन्मान देय असल्यास संबंधित सेनादलामार्फत पदके पाठविली जातात. सैनिकाकडून त्याचे मूल्य घेतले जात नाही. दाखल्यात भर घालावयाची झाल्यास मूळ कागदावर खाडाखोड न करता ‘डीडी २१५’ हे दुरुस्तिपत्र काढून त्यास जोडले जाते. सेवामुक्तीस ६२ वर्षे झाली, की अभिलेख ऐतिहासिक दप्तरात जमा होतो व शुल्क भरून तो कोणासही पाहता येतो.

या साऱ्या व्यवस्थेवर एका दुर्घटनेची छाया पडलेली आहे. १२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्रीनंतर लगेच सेंट लुइसजवळच्या त्या वेळच्या केंद्राच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. दप्तरखान्यात पाण्याचे स्वयंचलित फवारे बसविलेले नव्हते. आग पूर्णपणे विझविण्यास चार दिवसांहून अधिक काळ लागला. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात मुक्त झालेल्या भूसैनिकांचे सु. ८० टक्के अभिलेख, तसेच २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ या काळात मुक्त झालेल्या हवाई दलातील सैनिकांपैकी, वर्णानुक्रमे ‘हबर्ड’ या आडनावापुढील नावांचे, सु. ७५ टक्के अभिलेख नष्ट झाले. एकूण संख्या १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाखांच्या घरात जाते. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मपटही घेतलेले नव्हते. एवढेच नव्हे, तर काय जळाले हे सांगणारी सूचीदेखील नव्हती. भिजलेल्या कागदांवर बुरशी चढू लागली, तेव्हा ते निर्वात कक्षांत वाळविण्यात आले आणि अशा खटपटीने सु. ६५ लाख अभिलेख अंशतः वाचले. करपलेल्या कडांचे हे कागद केंद्रात वेगळे ठेवले जातात व अत्यंत जपून हाताळले जातात. २०११ पासून केंद्र नव्या इमारतीत हलविण्यात आले.

अभिलेख जळाला म्हणून सैनिकाचा हक्क जळत नाही. पण त्यास तो अन्य कागदांवरून उभा करावा लागतो. या कामी सर्वांत उपयुक्त ठरतात ते तुकड्यांचे ‘प्रातःकालीन अहवाल’. प्रत्येक तुकडीचा लेखनिक रोज सकाळी आदल्या दिवसाचे बदल त्यात लिहीत असे : कोण जखमी झाला, कोण रुग्णालयात गेला, कोण बेपत्ता झाला, कोण परत आला. ज्याच्या बाबतीत काही घडले नाही त्याचे नाव अहवालात येत नाही. त्यामुळे सैनिकाला आपली तुकडी व निदान महिना तरी आठवणे आवश्यक असते. अखेरच्या वेतनाच्या पावतीवरून सेवेचा काळ व दर्जा सिद्ध होतो. १९४२–४५ व १९५०–५४ या काळातील रुग्णालय-प्रवेशांच्या सांकेतिक नोंदी १९८८ मध्ये हाती आल्या. त्यांत रुग्णाचे नाव नसून फक्त सैनिकी क्रमांक आहे. वडिलांच्या जुन्या ओळखबिल्ल्यावरील आकडे अशा वेळी घरातील मुलांच्या उपयोगी पडतात. पथकाचे सर्वसाधारण आदेश, पलटणीच्या सन्मानांच्या छापील नोंदवह्या, जखमी झाल्याची कुटुंबास आलेली तार, त्या काळची पत्रे, सोबत्यांची शपथपत्रे हीही पुराव्यात धरली जातात. गणवेशातील छायाचित्र अनेकजण आवर्जून जोडतात. परंतु छातीवर फीत लावलेली दिसते, एवढ्यावरून ती अधिकृतपणे मिळाली होती असे ठरत नाही.

केंद्राकडे किंवा सेनादलाकडे दाद न लागल्यास सेवाभिलेख-दुरुस्ती मंडळाकडे जाता येते. १९४६ पूर्वी एखाद्या सैनिकाच्या अभिलेखात दुरुस्ती करावयाची तर काँग्रेसमध्ये त्याच्यापुरते स्वतंत्र विधेयक आणावे लागे. १९४६ च्या विधिमंडळ पुनर्रचना कायद्याने ही प्रथा बंद करून सेनाखात्यांच्या सचिवांना मुलकी सदस्यांच्या मंडळांमार्फत चूक सुधारण्याचा वा अन्याय दूर करण्याचा अधिकार दिला. भूसेना व हवाई दल यांची अशी स्वतंत्र मंडळे आहेत. नौसेना व मरीन दल यांचे मंडळ एकच आहे. ‘डीडी १४९’ या नमुन्यातील अर्ज चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत करावा, असा नियम आहे. न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास मंडळ ही मुदत शिथिल करते. सरकारी अभिलेख बरोबर आहे असे गृहीत धरून काम चालते. तो चुकीचा असल्याचे दाखविण्याची जबाबदारी अर्जदारावर असते, आणि जळालेल्या अभिलेखांच्या बाबतीत तीच त्यास जड जाते.

मंडळांचे अधिकार किती दूरवर पोहोचतात याचे गाजलेले उदाहरण मेरी एडवर्ड्‌झ वॉकर (१८३२–१९१९) यांचे होय. यादवी युद्धात शस्त्रवैद्य म्हणून काम केलेल्या या स्त्रीला १८६५ मध्ये ‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वोच्च पदक देण्यात आले. १९१७ मध्ये एका सेनाधिकारी-समितीच्या फेरतपासणीनंतर ९११ जणांची नावे सन्मानयादीतून वगळण्यात आली, त्यांत त्यांचेही नाव होते. वगळलेल्यांपैकी ८६४ जण मेन राज्याच्या एकाच पलटणीचे होते, यावरून पूर्वीच्या काळी हे पदक किती सढळ हाताने वाटले गेले होते ते दिसते. वॉकर यांनी पदक परत केले नाही. मृत्यूपर्यंत त्या ते वापरीत राहिल्या. १९७७ मध्ये भूसेनेच्या मंडळामार्फत त्यांचे नाव पुन्हा यादीत आले. १९८९ मध्ये ‘बफेलो बिल’ म्हणून प्रसिद्ध असलेले विल्यम कोडी यांनाही त्याच मार्गाने पदक परत मिळाले. काँग्रेसच्या कायद्यानुसार झालेली कारवाई मंडळाने अशी फिरवावी काय, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत.

दुसऱ्या वर्गातील, म्हणजे शिफारसच न झालेल्या पराक्रमाचे प्रस्ताव ठराविक मुदतीनंतर एरवी स्वीकारले जात नाहीत. १९९६ मध्ये झालेल्या कायद्याने काँग्रेसच्या सदस्यामार्फत असा उशिराचा प्रस्ताव विचारार्थ पाठविण्याची सोय झाली. प्रत्यक्षदर्शींची निवेदने यासाठी आवश्यक मानली जातात आणि ते साक्षीदार वयोमानाने कमी होत जातात. काही अन्याय व्यक्तिगत नसून समाजगटांवरचे होते. दुसऱ्या महायुद्धात एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला मेडल ऑफ ऑनर मिळाले नव्हते. भूसेनेने शॉ विद्यापीठाकडून याचा अभ्यास करविला आणि १३ जानेवारी १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सात जणांना ते प्रदान केले. त्यांपैकी व्हर्नन बेकर हे एकटेच तेव्हा हयात होते. २००० मध्ये आशियाई वंशाच्या व २०१४ मध्ये ज्यू आणि लॅटिन वंशाच्या सैनिकांच्या बाबतीत अशाच फेरतपासण्यांचे फळ दिसून आले.

ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धातील सैनिकांचे सु. ६० टक्के सेवाभिलेख सप्टेंबर १९४० मधील बाँबहल्ल्यात जळाले. दुसऱ्या महायुद्धाची मोहीमपदके तेथे आपोआप न देता अर्ज केल्यावर देण्याची पद्धत ठेवल्यामुळे अनेकांनी ती घेतलीच नाहीत. त्यांचे वारस अद्यापही ती मागू शकतात. भारतात जवानांचे अभिलेख पलटणींच्या अभिलेख कार्यालयांत असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे असे कार्यालय बेळगाव येथे आहे. नोंदीतील उणिवेविषयी प्रथम तेथेच अर्ज करावा लागतो, आणि तेथे दाद न मिळाल्यास २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबई येथे आहे.