साथ चालू असताना कोकण-गोव्याला सहलीला जावे का?

मुलांच्या परीक्षा संपतात, सलग तीन-चार सुट्ट्या जुळून येतात आणि विश्रामबागेतल्या घराघरांत मालवण, गणपतीपुळे, गोवा ही नावे निघू लागतात. पहाटे निघालो तर जेवायच्या वेळेला समुद्र दिसतो, इतके ते आपल्याला जवळचे. नेमके तेव्हाच पेपरात रुग्ण वाढल्याची बातमी येते. मग दवाखान्यात रक्तदाब तपासून झाला, की खुर्चीतून उठता उठता प्रश्न येतो, "डॉक्टर, बुकिंग केलंय. जाऊ ना?"

२०२० ते २०२२ या काळात हा प्रश्न आम्ही पुन्हा पुन्हा ऐकला. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण विषाणू गेलेला नाही. रुग्णसंख्या अधूनमधून वाढते आणि श्वासावाटे पसरणारा एखादा नवा आजार पुढेही येऊ शकतो. त्यामुळे त्या लाटांमधून जे शिकायला मिळाले, ते लक्षात ठेवणे उपयोगाचे आहे.

थोडक्यात उत्तर असे: समुद्रकिनाऱ्याला घाबरू नका. विचार तीन गोष्टींचा करा. बंद जागेत किती वेळ जाणार आहे? परत आल्यावर घरात कोण आहे? आणि तिथे आजारी पडलात तर उपचार कुठे मिळणार?

किनाऱ्यावर धोका किती?

कोविडचा विषाणू मुख्यतः श्वास, बोलणे, खोकणे यांतून बाहेर पडणाऱ्या थेंबांतून आणि हवेत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांतून पसरतो. बंद खोलीत हे कण साचत जातात. उघड्यावर वाऱ्याने ते लगेच विरळ होतात. म्हणून तारकर्लीच्या वाळूत आपल्या कुटुंबासोबत, इतरांपासून अंतर ठेवून दोन तास बसणे हे सांगलीत एखाद्या भरगच्च हॉलमधल्या लग्नाला जाण्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. समुद्राच्या पाण्यातून कोविड पसरत नाही.

मात्र "मोकळी हवा आहे, मग काळजी कशाला" हेही अर्धेच खरे. जानेवारी २०२२ च्या सुरुवातीला मुंबईहून गोव्याला गेलेल्या एका क्रूझ जहाजावर सुमारे दोन हजार लोक होते. तपासणीत त्यांतले ६६ जण बाधित निघाले. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या किनाऱ्यावर थांबवलेल्या 'डायमंड प्रिन्सेस' जहाजावर ३,७११ लोकांपैकी सातशेहून अधिक जणांना लागण झाली होती. चारही बाजूंनी समुद्राचे वारे होते, पण माणसे केबिनमध्ये, जेवणाच्या हॉलमध्ये आणि कार्यक्रमांत एकत्र होती.

मग धोका नेमका कुठे असतो?

सहलीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. धोका असतो तो या ठिकाणी:

- प्रवासात. काचा बंद, एसी चालू आणि गाडीत तीन घरची माणसे, असे चार-पाच तास. गाडीतला एसी आतलीच हवा फिरवण्यावर ठेवलेला असेल, तर एकाचा श्वास सगळ्यांना पुरतो.
- खोलीत. घरातला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा थंड करतो. पैसे वाचवण्यासाठी दोन कुटुंबांनी एकाच खोलीत झोपणे हे सहलीतले सर्वात जोखमीचे काम.
- जेवताना. तिथे मास्क काढावाच लागतो. मासळीच्या ताटासाठी गर्दीच्या बंद हॉटेलात पाऊण तास थांबणे आणि अंगणातल्या टेबलावर जेवणे यांत मोठा फरक आहे.
- गर्दीच्या कार्यक्रमात. मोठ्या आवाजात गाणी लागली, की माणसे एकमेकांच्या तोंडाजवळ जाऊन ओरडून बोलतात. थर्टी फर्स्टची पार्टी विषाणूला यामुळेच मानवते.

सहलीहून घरी काय येते?

सहलीला जाणारे बहुधा तरुण आणि धडधाकट असतात. त्यांना लागण झाली तरी दोन दिवस ताप, थोडा खोकला, एवढ्यावर भागू शकते. काहींना काहीच जाणवत नाही. खरी किंमत मोजावी लागते ती घरी थांबलेल्या माणसाला.

२०२० च्या उन्हाळ्यात युरोपातल्या देशांनी सीमा उघडल्या आणि लोक सुट्टीसाठी स्पेनला गेले. स्पेनमध्ये आढळलेला विषाणूचा एक प्रकार त्यानंतरच्या काही महिन्यांत युरोपभर पसरला. शास्त्रज्ञांनी त्याची जनुके तपासली, तेव्हा तो इतरांपेक्षा जास्त वेगाने पसरणारा असल्याचे दिसले नाही. त्याला पर्यटकांनीच घरोघर पोहोचवले होते.

आपल्या जिल्ह्यालाही हा अनुभव आहे. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात परदेश प्रवासाहून परतलेले चार जण बाधित आढळले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या नात्यातले, संपर्कातले मिळून वीसहून अधिक रुग्ण झाले. यात कुणाचा दोष नव्हता. आजार तेव्हा सगळ्यांनाच नवा होता. पण एका घरात शिरलेला विषाणू किती लवकर सगळ्यांपर्यंत जातो, ते जिल्ह्याने तेव्हाच पाहिले.

लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. म्हणजे रविवारी रात्री परत आल्यावर नातवाने आजीच्या शेजारी बसून मोबाईलवरचे फोटो दाखवले आणि मंगळवारी त्याला ताप आला, तर आजीला धोका रविवारीच पोहोचलेला असतो.

हीच गोष्ट यजमानांच्या बाबतीतही खरी आहे. कोकणातल्या अनेक गावांतली तरुण माणसे नोकरीसाठी मुंबईत असतात आणि घरी आई-वडील राहतात. तुम्हाला आंबोळी करून वाढणाऱ्या घरमालकीणबाई साठीच्या असू शकतात. २०२० च्या गणेशोत्सवात मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांसाठी विलगीकरणाचे नियम केले गेले, त्यामागे हीच काळजी होती.

तिथे आजारी पडलात तर?

सहल ठरवताना हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

विश्रामबागेत राहताना आपल्याला एक सवय झालेली असते. पंधरा-वीस मिनिटांत मिरज, तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कितीतरी खासगी रुग्णालये. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पण राहायच्या सोयी वाढल्या तेवढ्या अतिदक्षता विभागाच्या खाटा वाढल्या नाहीत. तिथल्या गंभीर रुग्णांना वर्षानुवर्षे गोव्यात बांबोळीला नेले जाते. रत्नागिरीकडचे अनेक रुग्ण घाट चढून कोल्हापूर-मिरजेला येतात. पावसाळ्यात दरड कोसळली, की तो घाटही बंद होऊ शकतो.

आता यात साथ मिळवा. एप्रिलच्या शेवटी आणि मे २०२१ च्या सुरुवातीला गोव्यात तपासलेल्या साधारण दर दोन नमुन्यांमागे एक पॉझिटिव्ह येत होता. बांबोळीच्या रुग्णालयातील ऑक्सिजनचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याच महिन्यात न्यायालयाच्या आदेशाने बाहेरून येणाऱ्यांना निगेटिव्ह रिपोर्ट सक्तीचा झाला. ज्या रुग्णालयात तिथल्याच माणसाला खाट मिळत नाही, तिथे पर्यटकाला कुठून मिळणार?

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने बहुतेक जिल्ह्यांतले निर्बंध सैल केले, तेव्हा ११ जिल्ह्यांत ते कायम ठेवले होते. त्यांत सांगली, सातारा, कोल्हापूर होते आणि रत्नागिरी, सिंधुदुर्गही. म्हणून फक्त आपल्याकडचे आकडे पाहू नका, तिथलेही पाहा. रोजचा एक आकडा बघण्यापेक्षा गेल्या दोन आठवड्यांत रुग्ण वाढत आहेत की कमी होत आहेत, ते बघा. लाट चढत असताना जाणे टाळा, उतरणीला लागल्यावर जा.

"आमचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे"

आरटीपीसीआर चाचणी निगेटिव्ह आली याचा अर्थ, नमुना घेतला त्या वेळी नाका-घशात विषाणू सापडला नाही. लागण होऊन एक-दोन दिवसच झाले असतील तर चाचणी चुकू शकते. रॅपिड अँटिजेन चाचणी त्याहून जास्त वेळा चुकते. रिपोर्ट हातात आल्यानंतर वाटेत किंवा तिथे लागण होऊ शकते, ते वेगळेच. रिपोर्ट नाक्यावर दाखवायला चालेल, पण तेवढ्यावर मास्क काढू नका.

"आमचे डोस पूर्ण झालेत"

ही चांगली गोष्ट आहे. लशीमुळे आजार गंभीर होण्याची आणि मृत्यूची शक्यता बरीच कमी होते. हे संरक्षण डोसनंतर साधारण दोन आठवड्यांनी नीट तयार होते. आज डोस घेऊन उद्या निघण्यात अर्थ नाही. मात्र लस घेतलेल्यालाही लागण होऊ शकते आणि तो ती दुसऱ्याला देऊ शकतो. काळानुसार संरक्षण कमीही होते. घरातल्या ज्येष्ठांना पुढचा डोस किंवा फ्लूची लस हवी का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

कोणी सहल पुढे ढकलावी?

- ज्यांना ताप, सर्दी, खोकला आहे किंवा घरात कुणी आजारी आहे. लक्षणे किरकोळ असली तरी.
- साठीच्या पुढचे, विशेषतः मधुमेह, हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले.
- डायलिसिस किंवा केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे.
- गरोदर स्त्रिया.
- वरीलपैकी कुणी ज्यांच्या घरात आहे आणि परतल्यावर काही दिवस वेगळे राहण्याची सोय नाही, असे सगळे.

या यादीतला शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. निर्णय फक्त जाणाऱ्याच्या तब्येतीवर घेऊ नका.

सहल पुढे ढकलताना घरगुती निवासवाल्यांकडे पैसे परत मागण्याऐवजी तारीख बदलून मागा. बहुतेक जण आनंदाने देतील. लॉकडाऊनमध्ये त्यांचेही हंगाम बुडाले आहेत.

जायचे ठरलेच तर

१. एका घरची माणसे, एक गाडी. काचा थोड्या उघड्या ठेवा. एसी लावलाच तर बाहेरची हवा आत येईल असे बटण ठेवा.

२. सलग सुट्ट्या आणि वर्षअखेर टाळा. मधल्या वारी जा.

३. खिडक्या उघडणारी खोली मागा. गेल्या गेल्या अर्धा तास खिडक्या उघडून पंखा लावा.

४. जेवण शक्यतो अंगणात, ओसरीवर किंवा गर्दीची वेळ टाळून.

५. बंद आणि गर्दीच्या जागी नाक-तोंड झाकणारा एन-९५ मास्क. मोकळ्या किनाऱ्यावर एकटेच असाल तर त्याची गरज नाही.

६. रोजची औषधे ठरलेल्या दिवसांच्या दुप्पट घ्या. इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका. फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको.

७. थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉल आणि जुने रिपोर्ट सोबत ठेवा. जवळच्या सरकारी रुग्णालयाचा फोन आधीच लिहून घ्या. रुग्णवाहिकेसाठी १०८.

तिथे ताप आला तर

बाकीच्यांपासून वेगळ्या खोलीत राहा, मास्क लावा आणि चाचणी करा. भरल्या गाडीतून सांगलीला पळून येऊ नका. आधी आपल्या डॉक्टरांशी फोनवर बोला. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर पातळी ९४ पेक्षा कमी दिसली, किंवा खोलीतच सहा मिनिटे चालल्यावर ती तीन अंकांहून जास्त घसरली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, माणूस गोंधळल्यासारखा बोलणे यांपैकी काहीही दिसले, तर ऑक्सिमीटरची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

स्टेरॉईडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. २०२१ मध्ये वाढलेली साखर आणि स्टेरॉईडचा बेसुमार वापर यांतून काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, कितीतरी रुग्ण पाहावे लागले.

आणखी एक. प्रत्येक ताप कोविडचा नसतो. पावसाळ्यात कोकणात लेप्टो, डेंग्यू, मलेरियाही असतो. परतल्यावर ताप आला तर "आम्ही अमुक तारखेला कोकणात होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

परत आल्यावर

पुढचे पाच ते सात दिवस घरातल्या ज्येष्ठांपासून अंतर ठेवा. त्यांच्या खोलीत झोपू नका, जवळ बसताना मास्क लावा, जेवण वेगळ्या वेळी करा. घसा जरी खवखवला तरी चाचणी करा. हे सात दिवस पाळणे जमणार नसेल, तर तुमच्या घरासाठी उत्तर "यंदा नको" हे आहे.

बुकिंगचा प्रश्न विचारणाऱ्याला आम्ही उलट एकच प्रश्न विचारतो, "घरी कोण कोण आहे?" सगळे धडधाकट, डोस झालेले आणि लाट ओसरलेली असेल, तर खुशाल जा. वरच्या खबरदाऱ्या घ्या आणि समुद्र बघून या. घरात सत्तरीच्या, मधुमेहाच्या आजी आहेत आणि आकडे रोज चढत आहेत, तर महिनाभर थांबा. कदाचित तोवर आजींनाही सोबत नेता येईल.

या लेखातली माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमचा आजार, चालू औषधे आणि त्या वेळचे सरकारी नियम लक्षात घेऊन निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.